शक्याशक्य-विचार

बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगतची पाणचक्की छत्रपति संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, वाचकांस वर्णून सांगावयास नको. दूरच्या उगमाचें पाणी मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवर चढविलें, आणि तेथून खालीं सोडून जातें फिरविलें. नवखा पाहणारा म्हणतो, पाणी आपोआप वर चढलें! वास्तविक तें उगमाच्या पातळीपेक्षां तसूभरहि वर गेलेलें नाहीं. कारागिराची सारी करामत या एका 'नाहीं'च्या ज्ञानावर उभी आहे.

चिआरा मार्लेट्टो यांचें 'द सायन्स ऑफ कॅन अँड कान्ट' (२०२१) हें पुस्तक वाचतांना आम्हांस ही चक्की वारंवार आठवली. आरंभींची स्थिति आणि गतीचे नियम दिले असतां पुढें काय घडेल तें सांगावयाचें, ही न्यूटनपासूनची परिपाटी. तेवढ्यानें भागत नाहीं; कोणतें रूपांतर शक्य, कोणतें अशक्य आणि कां, हेंच मूलभूत नियमांचें स्वरूप मानावें, असें लेखिकेचें व त्यांचे सहकारी डेव्हिड डॉइच यांचें प्रतिपादन आहे.

या मताला इतिहासाचा आधार आहे. १८२४ सालीं कार्नोनें उष्णतेच्या यंत्रांची मर्यादा शोधतांना पडत्या पाण्याचीच उपमा घेतली. त्या विचारांतून पुढें उष्मागतिकीचा दुसरा नियम निघाला; तो 'अमुक यंत्र होणें नाहीं' अशाच शब्दांत सांगतात. आमच्या भास्कराचार्यांनीं शके १०७२ च्या 'सिद्धांतशिरोमणी'त आऱ्यांत पारा भरलेलें, आपोआप फिरणारें चक्र वर्णिलें आहे. तें अखंड फिरणें शक्य नाहीं असें म्हणण्यांत आचार्यांचा अपमान नाहीं. कोरड्या अभिमानापोटीं तें फिरेल असें मानणें हा मात्र त्यांच्या बुद्धीचा अवमान होईल.

तथापि एक उणीव सांगितली पाहिजे. 'अशक्य' हें विधान एका यशस्वी यंत्रानें कोसळतें. 'शक्य' हें विधान हजार अपयशांनींहि खोटें ठरत नाहीं. हा असमतोल पुस्तकांत हवा तितका ठसत नाहीं, आणि प्रकरणांमधून पेरलेल्या कथा तो भरून काढीत नाहींत. म्हणूनच लेखिकेनें व्लात्को वेद्राल यांच्यासह २०१७ सालीं सुचविलेला प्रयोग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. केवळ गुरुत्वाच्या द्वारें दोन वस्तूंमध्यें पुंजभौतिकींतील गुंतणूक निर्माण झाली, तर गुरुत्व सर्वस्वीं जुन्या भौतिकीच्या चौकटींतलें असणें अशक्य ठरेल. येथें सिद्धांत आपला 'नाहीं' प्रयोगशाळेच्या स्वाधीन करतो.

पाणचक्कीच्या कारागिरानेंहि तेंच केलें होतें. त्याच्या सिद्धांताची पारख पिठानें झाली.