सातारा जिल्ह्यांतील राजपुरुषांचीं समाधिस्थानें : नांव व पुरावा

सातारा जिल्ह्यांतील जुन्या स्थळांच्या याद्या चाळतांना ‘अमक्याची समाधि’ असा उल्लेख पदोपदीं भेटतो. ह्या एका शब्दाखालीं निदान तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात : दहनाची जागा, अस्थि अथवा रक्षा ठेवून बांधलेलें वृंदावन, आणि केवळ स्मरणार्थ मागाहून उभारलेला चौथरा किंवा छत्री. संन्याशाचा देह भूमींत ठेवितात. राजपुरुषाचा सामान्यतः ठेवीत नाहींत. असें असतां इंग्रजी वर्णनकारांनीं समाधि, छत्री, वृंदावन व कबर ह्या सर्वांस ‘टूंब’ हा एकच शब्द लाविला, आणि आमच्या लोकांनीं तोच शब्द ‘समाधि’ म्हणून उलट मराठींत आणिला. ह्या फेऱ्यांत मूळ भेद नाहींसा झाला. तो पुन्हा पाडल्यावांचून ह्या स्थळांविषयीं कांहींहि निश्चयानें बोलणें व्यर्थ आहे.

माहुलीचेंच उदाहरण घ्या. कृष्णा व वेण्णा यांचा हा संगम म्हणजे सातारच्या राजघराण्याची अंत्यभूमि. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजीं साताऱ्यास वारले. सकवारबाई सती गेल्या. महाराजांची समाधि संगमावर आहे. ज्यांच्याशीं त्यांचा उभा दावा, त्या ताराबाई १७६१ च्या डिसेंबरांत वारल्या; त्यांचीहि समाधि ह्याच कांठीं दाखवितात. १७०७ सालीं खेडच्या रणांत ज्यांचीं सैन्यें एकमेकांवर चालून गेलीं, तीं दोन्ही माणसें शेवटीं एकाच वाळवंटाच्या आश्रयास आलीं. परंतु हा कांठ पुराच्या वाटेंतला. गाळानें व वाळूनें येथील बांधकामें वारंवार झांकलीं जातात, आणि ओळख टिकते ती परंपरेनें. कोरीव लेख साक्षीस नसतो.

ह्याच माहुलींत शाहू महाराजांच्या कुत्र्याचें स्मारकहि दाखवितात. ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत ह्या कुत्र्याची हकीकत दिली आहे : वाघाच्या शिकारींत त्यानें महाराजांचा जीव वांचविला, म्हणून महाराजांनीं त्यास जहागिरीची सनद व पालखीचा मान दिला, आणि भर दरबारांत आपली पगडी त्याच्या मस्तकीं ठेविली. गोष्ट चमत्कारिक, म्हणून ती लोकांच्या तोंडीं राहिली, आणि गोष्टीबरोबर जागाहि राहिली. उलट संभाजी महाराजांची राणी येसूबाई, जी मोगलांच्या कैदेंत जवळजवळ तीस वर्षें काढून १७१९ सालीं परत आली, तिची समाधि माहुलीस कोणती, हें अलीकडच्या वर्षांत स्थानिक अभ्यासकांना शोधून काढावें लागलें. परंपरा काय जपते आणि काय विसरते याचें ह्याहून बोलकें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. केवळ परंपरेवर भिस्त ठेवणाऱ्या यादीकारानें हें लक्षांत ठेवावें.

तळबीडचा प्रश्न निराळा. सरसेनापति हंबीरराव मोहिते १६८७ च्या अखेरीस वाईजवळच्या लढाईंत पडले. समाधि मात्र त्यांच्या मूळ गांवीं, कऱ्हाडाजवळ तळबीडास आहे. ती अस्थींवरची कीं केवळ स्मरणाची, हें चौथऱ्याच्या दगडावरून ठरणार नाहीं. वतनदार घराणें आपल्या कर्त्या पुरुषाची जागा आपल्याच शिवारांत मागतें. हा स्वाभाविक अभिमान होय. पण तो मरणस्थानाचा पुरावा नव्हे.

खऱ्या अर्थानें ‘पुरल्याची जागा’ म्हणावी अशी ह्या जिल्ह्यांतील सर्वांत प्रसिद्ध कबर प्रतापगडाच्या पायथ्याशीं आहे. पूर्वीं वाईची सुभेदारी केलेला अफझलखान १० नोव्हेंबर १६५९ रोजीं तेथें मारला गेला. धड पायथ्याशीं व शिर गडाच्या बुरुजाखालीं, अशी दोन जागांची परंपरा आहे. खानानें विजापुराबाहेर हयातींतच स्वतःसाठीं कबर बांधविली होती. ती रिकामीच राहिली. म्हणजे एका माणसाच्या तीन जागा, आणि त्यांतील जी बांधीव व मुद्दाम तयार केलेली, तीच खोटी! गडाखालच्या कबरीभोंवतीं पुढें वाढलेलें बांधकाम नोव्हेंबर २०२२ मध्यें पाडण्यांत आलें. तेव्हां त्या जागेच्या अलीकडच्या कोणत्याहि स्वरूपावरून सतराव्या शतकाविषयीं अनुमान काढणाऱ्यानें फार जपून असावें.

ह्याच्या अगदीं उलट मेणवली. कृष्णाकांठचा नाना फडणिसांचा वाडा व घाट पाहावयास येणारे नानांची समाधिहि तेथेंच विचारतात. नाना १३ मार्च १८०० रोजीं पुण्यास वारले. मेणवलीनें जतन केलें तें त्यांचें दप्तर, रा. ब. पारसनीस यांच्या संग्रहांतील अत्यंत मोलाचा भाग तोच. त्या संग्रहासाठीं साताऱ्यास १९२५ सालीं म्युझियम झालें, व १९३९ सालीं तो पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. माहुलीस चौथरे आहेत आणि कागद थोडे. मेणवलीस कागद होते, चौथरा नव्हता. रंगो बापूजींच्या नांवावर तर दोहोंपैकीं एकहि नाहीं. सातारच्या गादीसाठीं विलायतेंत वर्षानुवर्षें झगडलेला हा कारभारी १८५७ च्या धामधुमींत दिसेनासा झाला तो कायमचाच. त्याच्या मृत्यूची तिथीहि लिहितां येत नाहीं.

आपल्या काळांतील एक जागा निःसंशय आहे. यशवंतराव चव्हाण २५ नोव्हेंबर १९८४ रोजीं दिल्लीस निवर्तले. त्यांची समाधि कऱ्हाडास कृष्णा-कोयनेच्या संगमावर आहे. मरणस्थान व समाधिस्थान वेगळें असूनहि येथें घोटाळा नाहीं, कारण लिखित नोंद त्याच दिवसांची आहे. जुन्या स्थळांना नेमकें हेंच लाभलें नाहीं, आणि ती उणीव आज फलकांनीं भरून काढली जाते. एकदां फलक लागला कीं पुढच्या चौकशींत गांवकऱ्यांची साक्ष ही फलकाचीच साक्ष होते; मागील परंपरा कोणती होती, हें मग वेगळें काढतां येत नाहीं.

म्हणून समाधीचा शोध दगडापासून न करतां खर्चापासून करावा, असें आम्हांस वाटतें. जेथें दिवाबत्ती, नैवेद्य, पुण्यतिथीचें ब्राह्मणभोजन किंवा पुजाऱ्याची नेमणूक चालू होती, तेथें कोणीतरी ती रक्कम लिहून ठेविली असली पाहिजे. आणि जमीन इनाम दिली असल्यास १८५२ च्या इनाम कमिशनापुढें तिचा जाबहि द्यावा लागला असेल. अशा नोंदींत नांव, गांव व कारण हीं तिन्ही एकत्र सांपडण्याचा संभव असतो. संग्राहक बखरी व पत्रें आस्थेनें उचलतात, आणि तेरजा, ताळेबंद व पुजाऱ्यांच्या पावत्या रद्दी म्हणून बाजूस सारतात. माहुली, तळबीड व आसपासच्या गांवांतील उपाध्ये, गुरव व कुळकर्णी यांच्या घरीं असे रुमाल असल्यास ते प्रथम उलगडावे, आणि समाधीच्या खर्चाची एक ओळ जरी मिळाली तरी तिची तारखेसह नक्कल मंडळाकडे पाठवावी.