पंचमांची साखळी आणि एकतीस स्वरांची लिपी

रविवारच्या मिस्सात पेटीच्या साथीने आपण गातो, तेव्हा सप्तकाचे बारा समान भाग ही निसर्गाचीच आज्ञा असावी असे वाटते. वस्तुतः ती एक तडजोड आहे. तीत पंचम जवळजवळ शुद्ध राहतो. गांधार मात्र सुमारे १४ सेंट चढा लागतो. (सप्तकाचे १२०० सेंट मानतात.)

ही उणीव युरोपातील संगीतज्ञांना फार पूर्वीपासून सलत आली आहे. निकोला व्हिचेंतिनो या इटालियन धर्मगुरूने १५५५ साली रोम येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, सप्तकात ३६ पट्ट्या असलेल्या वाद्याचा विचार मांडला. १६९१ साली डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याने सप्तकाच्या ३१ समान भागांचे गणित प्रसिद्ध केले. त्यावरून स्फूर्ती घेऊन आड्रियान फोकर या भौतिकशास्त्रज्ञाने १९५० साली हार्लेमच्या टाइलर्स संग्रहालयात एकतीस स्वरांचा ऑर्गन उभा केला. २००९ पासून तो अॅमस्टरडॅममध्ये आहे.

स्वर एकतीस झाले. ते लिहावेत कसे? पाच रेघांच्या लिपीला मुळाक्षरे सातच. येथे जुनी पंचमांची साखळी उपयोगी पडते. एफ, सी, जी, डी, ए, ई, बी अशी पंचमापंचमाने चढत जाणारी ही माळ पुढे वाढवली की शार्प मिळतात, मागे वाढवली की फ्लॅट. शार्प म्हणजे सात पंचम पुढे, एवढाच त्याचा अर्थ.

पेटीवर सी-शार्प आणि डी-फ्लॅट ही एकच पट्टी असल्यामुळे त्यांतील भेद केवळ शुद्धलेखनापुरता उरतो. एकतीसच्या पद्धतीत सी ते डी हे अंतर पाच भागांचे. सी-शार्प दुसऱ्या भागावर, डी-फ्लॅट तिसऱ्यावर. जो भेद कागदावरच होता, तो कानाला ऐकू येऊ लागतो. आमच्या मते या लेखनपद्धतीचे खरे मोठेपण येथे आहे. सी ते ई हा गांधारही शुद्ध गांधारापासून एका सेंटाहून कमी अंतरावर येतो. त्याची किंमत म्हणून पंचम सुमारे पाच सेंट उतरतो, हेही सांगितले पाहिजे.

मात्र या साखळीचे भक्त तिला सर्वज्ञ मानतात, ते आम्हांस मान्य नाही. सी-च्या लगतचा वरचा स्वर तिच्या नियमाने डी-डबल-फ्लॅट असा लिहावा लागतो. एक भाग वर सरकण्यासाठी गायकाने आधी डी गाठावा आणि तेथून चार भाग खाली यावे, ही कोणती वाट? फोकरने अर्ध-शार्प व अर्ध-फ्लॅट ही चिन्हे वापरली. व्हिचेंतिनोने स्वरावर नुसता बिंदू दिला होता. दोघांनीही गाणाऱ्याची अडचण ओळखली होती.

इतर विभागण्यांत ही मर्यादा अधिक स्पष्ट होते. एकोणीस भागांत साध्या शार्प-फ्लॅटांनी सर्व स्वर लिहिता येतात; फ्रेंच दरबारचा ऑर्गनवादक कोस्तले याने सोळाव्या शतकातच स्वरांतराचे तीन समान भाग कल्पून एक प्रार्थनागीत रचले होते. चोवीस भागांत साखळी बारा स्वरांतच मिटते. उरलेले बारा तिला भेटतच नाहीत, तेथे नवे चिन्ह अटळ ठरते. त्रेपन्न भागांत तर पंचम जवळजवळ निर्दोष, पण सी-चा मधुर गांधार एफ-फ्लॅट म्हणून लिहावा लागतो. कानाला जो गांधार, तो डोळ्यांना मध्यम दिसतो.

म्हणून आमचा अभिप्राय असा : साखळी हा कणा असावा, पण जेथे ती अर्थ झाकते, तेथे छोट्या चिन्हाची मदत घेण्यात कमीपणा नाही. गायनवृंदात उभ्या असलेल्या साध्या गायकाला पुढचा स्वर कोठे आहे हे पाहताक्षणी कळले पाहिजे. गणित कितीही निर्दोष असो, या कसोटीवर न उतरणारी लिपी अपुरीच म्हणावी लागेल.