‘प्रतिऑक्सिडीकारक क्षमता’ : एका संज्ञेची चिकित्सा

आवळा, हळद, गुळवेल, अश्वगंधा इत्यादी वनस्पतींपासून तयार केलेल्या आहारपूरकांविषयीच्या शोधनिबंधांत, आणि पुष्कळदा त्यांच्या वेष्टनांवरही, ‘प्रतिऑक्सिडीकारक क्षमता’ ही संज्ञा आकड्यासह आढळते. व्यवहारात ज्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात त्या द्रव्याचा हा गुण वजनाप्रमाणे गोळीतच वसत असून मापनाने तो केवळ उघड होतो, असा या शब्दयोजनेचा ध्वनी आहे. मापनाच्या रीती तपासल्या असता हा समज टिकत नाही.

‘क्षमता’ हे ‘क्षम’ या विशेषणास ‘ता’ प्रत्यय लागून झालेले भाववाचक नाम होय. विशेषण वाक्यात असते तोवर ‘कशास क्षम?’ हा प्रश्न जागा असतो. त्याचे नाम झाले की तो प्रश्न गळून पडतो, आणि जो मुळात दोन द्रव्यांमधील संबंध होता तो एकाच द्रव्याचा गुण भासू लागतो. प्रस्तुत संज्ञेत कर्म लुप्त आहे आणि अधिकरणही लुप्त आहे.

हे लुप्त पद प्रत्येक परीक्षेत निराळे असते. ब्लॉइस याने १९५८ साली सुचविलेल्या रीतीत डीपीपीएच या स्थिर मुक्त मूलकाचा जांभळा विद्राव घेतात. अर्क मिसळल्यावर रंग किती फिका पडला हे ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजतात. हे मूलक मानवी देहात आढळत नाही. बेंझी व स्ट्रेन यांच्या १९९६ च्या ‘फ्रॅप’ रीतीत मूलकच नसते. तेथे फेरिक लोहाचे फेरस लोहात क्षपण होते, आणि तेही ३.६ इतक्या आम्लधर्मी पीएच मूल्यास. रक्ताचे पीएच मूल्य सुमारे ७.४ असते. ‘ओरॅक’ रीतीत पेरॉक्सिल मूलकांपासून एका प्रस्फुरक द्रव्याचे किती काळ रक्षण झाले हे पाहतात. तिन्ही रीतींचे कर्म भिन्न, अधिकरण भिन्न. निष्कर्षाचे नाव मात्र एकच. अशा स्थितीत एका रीतीने श्रेष्ठ ठरलेला अर्क दुसरीने कनिष्ठ ठरला, तर त्यात विसंगती नाही. विसंगती नामकरणात आहे.

पूरकांच्या बाबतीत आणखी दोन अडचणी उद्भवतात. पहिली विद्रावकाची. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलात विरघळते. म्हणून एकाच चूर्णाच्या जलीय व अल्कोहोली अर्कांचे आकडे सारखे येण्याचे कारण नाही. दुसरी अडचण मिश्रणाची. गोळीत वरून घातलेले ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, या परीक्षांना उत्तम प्रतिसाद देते. फोलिन-सिओकाल्तू विकारकाने फिनॉली द्रव्ये मोजतानाही ते आकडा फुगविते. त्यामुळे आकडा वनस्पतीचा की मिसळलेल्या जीवनसत्त्वाचा, हे केवळ आकड्यावरून ओळखता येत नाही.

याहून मोठी उडी परीक्षानलिकेतून देहात घेतली जाते. बंगळूर येथील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन नुसते दिले असता ते रक्तरसात अत्यल्प आढळले किंवा आढळलेच नाही. मिऱ्यांतील पायपरीन सोबत दिल्यावर प्रमाण वाढले. जे द्रव्य रक्तात पुरेसे पोचतच नाही, त्याची नलिकेतील क्षमता देहाची क्षमता कशी म्हणावी? आणि द्रव्य पोचले तरी ते हितकरच ठरते असेही नाही. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवरील चाचणीत, जिचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. ती चाचणी वनौषधींची नव्हती हे खरे. तथापि ‘प्रतिऑक्सिडीकारक म्हणून हितकर’ या अनुमानाला तिने दिलेला धक्का सर्वांनाच लागू आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाने ओरॅक मूल्यांची आपली सारणी २०१२ साली मागे घेतली. या मूल्यांचा मानवी आरोग्याशी संबंध सिद्ध होत नाही आणि उत्पादक त्यांचा दुरुपयोग करतात, ही कारणे त्या वेळी देण्यात आली.

यावरून या परीक्षा निरुपयोगी ठरतात, असे मात्र नव्हे. एकाच उत्पादनाचे दोन घाणे सारखे उतरले की नाही, किंवा साठवणीत चूर्ण किती खालावले, हे पाहण्यास त्या स्वस्त व पुरेशा शीघ्र आहेत. तेथे तुलना स्वतःशीच असते आणि अटी स्थिर राखता येतात. दोष परीक्षेचा नसून तिच्या उत्तराला दिलेल्या नावाचा आहे.

तेव्हा प्रबंधांत नामाऐवजी पुन्हा वाक्य यावे, हे इष्ट. ‘अमुक पूरकाची क्षमता अधिक आहे’ असे न लिहिता, ‘अमुक विद्रावकातील, अमुक संहतीच्या अर्काने डीपीपीएचचा रंग तीस मिनिटांत निम्म्यावर आणला’ असे लिहावे. हे वाक्य लांब आहे, आणि वेष्टनावर मावणार नाही. परंतु जेवढे मोजले तेवढेच ते सांगते. आणि ‘म्हणून ही गोळी आरोग्यास उपकारक आहे’ हे पुढचे वाक्य त्याच्यामागून आपोआप येत नाही. ते लिहावयाचे असल्यास माणसांवरील निराळा पुरावा द्यावा लागतो.