पचनसंस्थेच्या कर्करोगातील पीएच.डी.-उत्तर संशोधनाच्या संधी : एक चिकित्सा

प्रस्तावना

‘संधी’ हा शब्द उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात फार सैलपणे वापरला जातो. जाहिरात प्रसिद्ध झाली म्हणजे संधी निर्माण झाली, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः संशोधनाची संधी चार गोष्टींनी सिद्ध होते : अभ्यासण्याजोगा प्रश्न, त्यासाठी लागणारी सामग्री, पुरेसा काळ आणि काम संपल्यानंतरचे स्थान. अन्ननलिका, जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगावर पीएच.डी.नंतर संशोधन करू इच्छिणाऱ्या मुंबई उपनगरातील अभ्यासकापुढे यांपैकी काय उपलब्ध आहे आणि काय नाही, याची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. वैद्यकीय पदवीधराचे उच्च प्रशिक्षण मुख्यतः शस्त्रक्रिया व उपचार यांतील कौशल्याशी निगडित असते. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र किंवा समाजविज्ञान या विषयांत पीएच.डी. केलेल्या अभ्यासकाचा मार्ग त्याहून निराळा आहे. महाविद्यालयीन अध्यापकांचा संबंध येतो तो प्रामुख्याने या दुसऱ्या मार्गाशी.

मुंबईतील परंपरा

परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होत. १९६२ मध्ये रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आले आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन संस्था टाटा स्मारक केंद्र या एका छत्राखाली आल्या. पुढे मूलभूत संशोधनाचे काम खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’मध्ये गेले. होमी भाभा राष्ट्रीय संस्थेला २००५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यामुळे येथील संशोधनास पदवीचा आधार लाभला.

रोगाच्या नोंदीची परंपराही याच शहरात रुजली. भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ मध्ये मुंबईत लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. देशातील अशा स्वरूपाचा तो पहिला उपक्रम होय. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तात्पर्य, रुग्ण, प्रयोगशाळा आणि नोंद ही संशोधनाची तिन्ही साधने महाराष्ट्रात दीर्घकाळापासून आहेत. सामग्रीच्या कसोटीवर मुंबई उणी ठरत नाही.

प्रश्न कोठून येतो?

संशोधनाचा विषय परदेशी नियतकालिकांतून घ्यावा आणि येथील नमुन्यांवर तो पडताळून पाहावा, ही पद्धत आपल्याकडे रूढ आहे. तिच्यात गैर काही नाही. परंतु तिच्यावरच विसंबून राहिल्यास येथील रोगाचे वेगळेपण नजरेआड होते. पित्ताशयाचा कर्करोग याचे उत्तम उदाहरण आहे. पाश्चात्त्य देशांत तो तुलनेने विरळ असल्याने त्यावरील संशोधनही मर्यादित राहिले. भारतात मात्र उत्तर व पूर्वेकडील राज्यांत, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, त्याचे प्रमाण बरेच अधिक आहे. पश्चिम व दक्षिण भारतात ते कमी आहे. एकाच देशात हा फरक का पडावा, हा प्रश्न येथेच उपस्थित होऊ शकतो आणि त्याचे उत्तरही येथेच शोधावे लागते.

टाटा स्मारक केंद्रातील संशोधकांनी या दिशेने महत्त्वाचे काम केले आहे. शरयू म्हात्रे, राजेश दीक्षित आणि त्यांच्या देशी-विदेशी सहकाऱ्यांचा संपूर्ण जनुकसंचावरील अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. त्यात एक हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश होता. सातव्या गुणसूत्रावरील एबीसीबी-१ व एबीसीबी-४ या जनुकांच्या परिसरातील भेदांचा या रोगाच्या जोखमीशी संबंध त्यात आढळून आला. जन्मस्थान आणि या रोगाची जोखीम यांचा संबंध तपासणारा अभ्यासही याच केंद्रातून २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘ॲक्ट्रेक’मध्ये शुभदा चिपळूणकर यांच्या गटाने याच कर्करोगातील प्रतिकारपेशींच्या वर्तनाचा शोध घेतला.

जठराच्या बाबतीतही असेच एक कोडे आहे. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि जठराचे विकार यांचा संबंध उलगडला. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हा जंतू कर्ककारक ठरविला आणि २००५ मध्ये उभयतांना नोबेल पारितोषिक मिळाले. वॉरेन विकृतिशास्त्रज्ञ होते, तर मार्शल रुग्ण तपासणारे तरुण डॉक्टर. प्रयोगशाळा व रुग्णकक्ष यांच्या संगमातून हा शोध लागला, हे विसरता कामा नये. भारतात या जंतूचा संसर्ग व्यापक असूनही मिझोरामसारखा अपवाद वगळता बहुतेक भागांत जठराच्या कर्करोगाचे प्रमाण त्या मानाने कमी आढळते. या विसंगतीचे पूर्ण स्पष्टीकरण अद्याप झालेले नाही. प्रश्नांच्या कसोटीवरही येथील क्षेत्र समृद्धच म्हणावे लागेल.

काळ, वय आणि मोबदला

उरलेल्या दोन कसोट्यांवर मात्र चित्र बदलते. २०१५ च्या सुमारास विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने सुरू केलेली राष्ट्रीय पीएच.डी.-उत्तर अधिछात्रवृत्ती दोन वर्षांची होती. हे मंडळ पुढे २०२३ च्या कायद्याने निर्माण झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले. दोन वर्षांत नैतिकता समितीची मान्यता, रुग्णांची संमती, नमुन्यांचे संकलन, विश्लेषण आणि लेखन हे सर्व उरकावे लागते. वर उल्लेखिलेल्या जनुकीय अभ्यासासाठी केवळ सहभागींची निवड २०१० ते २०१५ या काळात चालली होती. रोगाचा वेग आणि अधिछात्रवृत्तीचा वेग यांचा मेळ बसत नाही, हा या व्यवस्थेतील मूलभूत दोष होय. अल्प मुदतीमुळे अभ्यासक महत्त्वाचा प्रश्न न निवडता लवकर संपणारा प्रश्न निवडतो.

दुसरा मुद्दा वयाचा. या योजनेत ३५ वर्षांची कमाल मर्यादा होती. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीय उमेदवारांना पाच वर्षांची सवलत होती. तरुण वयात स्वतंत्र संशोधनास प्रारंभ व्हावा, हा यामागील हेतू रास्त आहे. तथापि, तासिका तत्त्वावर अनेक वर्षे शिकवीत पीएच.डी. पूर्ण करणाऱ्या अध्यापकास पदवी हाती येते तीच या मर्यादेच्या उंबरठ्यावर. संसार व नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्या स्त्रियांना तर ही सवलतही अपुरी पडू शकते. जन्मवर्षाऐवजी पीएच.डी. मिळाल्यापासूनची वर्षे मोजणे अधिक न्याय्य ठरेल.

तिसरा मुद्दा मोबदला व प्रतिष्ठेचा. १ जानेवारी २०२३ पासून संशोधन सहयोगी पदाच्या पहिल्या श्रेणीसाठी दरमहा ५८,००० रुपये व घरभाडे भत्ता असा दर लागू झाला. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये असून त्यावर महागाई भत्ता व सेवेची शाश्वती मिळते. आकडे जवळपास सारखे दिसतात. आयुष्ये सारखी नसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीसाठी अध्यापन अथवा पीएच.डी.-उत्तर अनुभवाच्या प्रत्येक वर्षास २ आणि कमाल १० गुण ठेवले गेले. म्हणजे वर्गातील एक वर्ष आणि कर्करोगाच्या प्रयोगशाळेतील एक वर्ष यांना समान गुण. ही समानता दोन्ही कामांचा आदर करणारी आहे. परंतु प्रयोगशाळेतून महाविद्यालयात परतण्याची वाट त्यातून आपोआप तयार होत नाही.

साकीनाक्याच्या दृष्टीने

ही चर्चा एका ठिकाणाशी जोडून पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. साकीनाक्याहून साकी विहार मार्गाने पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर आहे. २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपर गाठणे सुलभ झाले. तेथून परळला मध्य रेल्वेने, तर खारघरला कुर्ल्यामार्गे हार्बर रेल्वेने जाता येते. भौगोलिक अंतर हा अडथळा उरलेला नाही. अडथळा आहे तो संस्थात्मक अंतराचा.

साकीनाका, खैरानी रोड, जरीमरी या भागांतील लहान कारखान्यांत उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले असंख्य कामगार राहतात. पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असलेल्या प्रदेशातून ते कमी प्रमाणाच्या प्रदेशात आले आहेत. अमेरिकेत गेलेल्या जपानी स्थलांतरितांमध्ये जठराच्या कर्करोगाचे प्रमाण घटले आणि आतड्याच्या कर्करोगाचे वाढले, हे १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेन्झेल व कुरिहारा यांच्या अभ्यासाने दाखविले होते. स्थलांतरानंतर आहार, तेल, पाणी व कामाच्या वेळा कशा बदलतात, पित्ताच्या खड्यांची तपासणी कितपत होते आणि पोटदुखीकडे किती काळ दुर्लक्ष होते, हे प्रश्न या वस्तीच्या दारातच उभे आहेत. त्यांसाठी केवळ जनुकतज्ज्ञ पुरेसा नाही. गृहविज्ञान, समाजशास्त्र, संख्याशास्त्र व भाषा या विषयांचे अध्यापकही येथे आवश्यक ठरतात. मात्र रहिवाशांना केवळ नमुन्यांचे पुरवठादार मानणे अनुचित होईल. निष्कर्ष व तपासणीची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हा अभ्यासाचाच भाग असला पाहिजे.

निष्कर्ष

पचनसंस्थेच्या कर्करोगातील संशोधनासाठी मुंबईत प्रश्न व सामग्री यांची उणीव नाही. उणीव आहे ती पुरेशा काळाची आणि परतीच्या स्थानाची. परदेशी प्रशिक्षणाचे मोल निर्विवाद असले, तरी तो एकमेव मार्ग असल्याचा समज येथील प्रश्नांना दुय्यम ठरवितो. अधिछात्रवृत्तीची मुदत अभ्यासाच्या स्वरूपानुसार ठरावी, वयाची अट पदवीनंतरच्या वर्षांशी जोडावी, आणि महाविद्यालयांनी अध्यापकास पद राखून रजा देऊन रुग्णालयीन संस्थांशी संयुक्त मार्गदर्शनाचे करार करावेत. यांपैकी शेवटची गोष्ट बव्हंशी महाविद्यालयांच्याच हाती आहे. तिचा आरंभ करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.