आधी नेम, मग इमारत



तीर्थक्षेत्री ‘साधना संकुल’ उभारण्याचे बेत अलीकडे फार कानी येतात. नकाशात आधी खोल्या, मग वाहनतळ, मग वातानुकूलित परिषद सभागृह. तिथे साधना कोणती चालणार, हे मागाहून ठरते. माझा आक्षेप पैशावर नाही, या उलट्या क्रमावर आहे.

इगतपुरीचे धम्मगिरी पाहा. तिथे विपश्यनेची १० दिवसांची शिबिरे चालतात. मौन हा तिथला नेम, म्हणून पॅगोड्यात एकेकट्याने बसण्याच्या लहान कोठड्या. मार्ग आपला नव्हे. पण नेमातून वास्तू निघाली, एवढे त्यांच्याकडून घ्यावे. कोठड्यांची नक्कल मात्र करू नये. आपली साधना मेळ्याची आहे.

आपल्या कीर्तनाला काय लागते? कीर्तनकार उभा, मागे टाळकरी, जवळ पखवाजी आणि विणेकरी, समोर जमिनीवर श्रोते. पावली धरायला मोकळी भुई. परिषदेच्या सभागृहात खुर्च्या जमिनीला खिळलेल्या, व्यासपीठ उंच. पाया पडायला वाकावे तर पुढच्या खुर्चीची पाठ आडवी येते. काचेच्या बंद भिंतींत टाळ घुमतो आणि अभंगाचा शब्द हरवतो. साधा, तिन्ही बाजूंनी उघडा मंडप याहून बरा. त्याच पैशात पाणी, शौचालये, ओवऱ्या आणि म्हाताऱ्यांना झेपतील अशा पायऱ्या होतात.

गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. ज्यांना गावात कुणी ओसरी देत नव्हते त्यांची सोय, हा तिचा हेतू. पुढे १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बांधणाऱ्याने स्वतःसाठी झोपडीही राखली नाही. कोणासाठी बांधायचे, हे आधी पक्के होते.

विश्वस्त म्हणतात, परिषदांच्या भाड्याशिवाय देखभाल कशी व्हावी? प्रश्न रास्त आहे. द्या भाड्याने, पण घटनेतच लिहून ठेवा की आषाढी-कार्तिकीला जागा दिंड्यांची, आणि हरिपाठाच्या वेळी मंडप कोणालाही भाड्याने मिळणार नाही. हे लिहिले नाही, तर दहा वर्षांत भाडेकरू आत आणि वारकरी फाटकाबाहेर राहील.

म्हणून वास्तुविशारदाला बोलावण्याआधी फडकऱ्यांना, टाळकऱ्यांना आणि दिंडीत स्वयंपाक करणाऱ्या मायबहिणींना एकत्र बसवावे. काकड्यापासून जागरापर्यंतचा दिवस त्यांच्याकडून ऐकावा. माणसे कुठे बसतात, कुठे जेवतात, ओले कपडे कुठे वाळत घालतात, हे लिहून घ्यावे. नकाशा त्यानंतर काढावा.