टोपीकर मिळतील का?

१९६४ चा ‘झुलू’ चित्रपट झकास, पण खतावणी एकतर्फी. दीडशे शिपायांपैकी कितीतरी नावानिशी जमा. हजारो झुलूंत राजा सोडला तर बहुतेक ‘इतर’. कॅमेरा तटाच्या आत, म्हणून प्रेक्षकही आत!

आमच्याकडे १८४४ साली तटाच्या आत गडकरी होते. वंशपरंपरेच्या जमिनी मामलेदाराकडे गेल्या, सामानगड उठला. पन्हाळ्यावर तर साक्षात कर्नल ओव्हान्सला कोंडले. १८८६ च्या गॅझेटियरात ते ‘बंड’ खाती पडले. भालजींचा कॅमेरा रमला शिवकाळात.

राहता राहिला दिवाळीचा किल्ला. कुंभारगल्लीत मावळे, तोफा, वाघसुद्धा, गोरा शिपाई मागितला तर बाई म्हणते, “न्हाई ओ साहेब, आमच्यात सगळी आपलीच मानसं.” चिरंजीवांनी दोन मावळ्यांना कागदी टोप्या घातल्या. कंपनीच्या पलटणीत तरी बहुतेक कोण होते म्हणा!