पक्ष, साध्य, सिद्धता

गेल्या नवरात्रात पुतणीची भूमितीची वही सहज हातात घेतली. ती नववीत आहे, आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्याच एका मराठी शाळेत. समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय तिने सुवाच्य अक्षरात उतरवले होते. डाव्या समासाला लागून एकाखाली एक तीन शब्द, लाल शाईने अधोरेखित केलेले : पक्ष, साध्य, सिद्धता. मी विचारले, "पक्ष म्हणजे काय गं?"

"पक्ष म्हणजे जे दिलेलं असते ते. ते खरं धरून चालायचं, काका."

"आणि दिलेलंच खरं नसलं तर?"

"मग गणितच चुकीचं छापलं असेल," ती म्हणाली आणि वही ओढून घेतली.

हेच तीन शब्द मीही त्या वयात घोकले होते. पक्ष म्हटले की आमच्या गावात आधी झेंडा आठवतो, मग पितृपंधरवडा, भूमितीतला पक्ष सर्वांत शेवटी. दहावीनंतर शाळा सुटली. पुढची तीस वर्षे चिखलीला अडतीच्या दुकानात हिशेब लिहिण्यात गेली. संध्याकाळी वाचनालय. चाळिशीत अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' मराठी विवरणासह हाती लागला. सतराव्या शतकातले हे छोटे पुस्तक म्हणजे न्यायशास्त्राची पहिली पायरी; पाठशाळांतले विद्यार्थी तिथूनच सुरुवात करीत. त्यात माझे शाळेतले तिन्ही शब्द भेटले, आणि मला त्यांचा अर्थ कधी कळलाच नव्हता, हेही तिथेच कळले.

नैयायिकांचे ठरलेले उदाहरण बहुतेकांना माहीत असते. दूर डोंगरावर धूर दिसतो. तिथे आग आहे की नाही? धूर आहे, आणि स्वयंपाकघरात आपण पाहिले आहे की धूर असला की विस्तव असतो. म्हणून डोंगरावर आग आहे. यातली आग हे साध्य, धूर हा हेतू, स्वयंपाकघर हा दृष्टांत. आणि डोंगर हा पक्ष. पक्ष म्हणजे साध्य आहे की नाही याचा जिथे संशय आहे ती जागा. संशयच नसेल तर पक्ष बनत नाही आणि अनुमानाचे कामही उरत नाही. चुलीत पेटलेला विस्तव डोळ्यांना दिसत असताना धुरावरून तो सिद्ध करीत बसायला कोणाला वेळ आहे?

अन्नंभट्टाच्या मागे जावे तर हीच गोष्ट आणखी ठळक होते. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ मोजले आहेत. पहिले प्रमाण, दुसरे प्रमेय, आणि लगेच तिसरा संशय. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात स्पष्ट केले आहे की मुळीच ठाऊक नसलेल्या गोष्टीवर न्याय चालत नाही आणि निर्णय होऊन चुकलेल्या गोष्टीवरही चालत नाही. जिथे शंका आहे तिथेच त्याचे काम. आपण शाळेत 'पायथागोरसचे प्रमेय' म्हणतो, 'उदाहरणे सोडवा' म्हणतो, भांडताना समोरच्याला 'वितंडवाद घालू नको' म्हणतो. हे सगळे त्याच यादीतले किंवा तिच्या आसपासचे शब्द. गावच्या पारावर बसून न्यायदर्शन बोलणारा आमच्याइतका समाज दुसरा नसेल. फक्त आम्हाला ते माहीत नाही.

आता वहीतली भूमिती मात्र भारतीय नाही. ती युक्लिडची, इसवी सनापूर्वी तीनशेच्या सुमाराची, अलेक्झांड्रियातली. ती अरबीत गेली आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने अरबीवरून ती संस्कृतात आणली, 'रेखागणित' या नावाने. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी गणिताची पुस्तके मराठीत आणताना इंग्रज अधिकाऱ्यांनी शास्त्रीमंडळींची मदत घेतली. या मंडळींच्या जिभेवर न्यायाची परिभाषा आधीच होती. ग्रीक आशय आणि मिथिलेपासून नवद्वीपापर्यंत घासूनपुसून धारदार झालेली परिभाषा, अशा दोन प्राचीन परंपरा बुलडाण्याच्या नववीतल्या मुलीच्या वहीत शेजारी शेजारी बसल्या आहेत. आधुनिक शिक्षणावर प्राचीन तत्त्वज्ञानाचा प्रभाव आहे का, असा विषय व्याख्यानमालांतून चघळला जातो तेव्हा वक्ते गुरुकुल, तक्षशिला, नालंदा यांच्या पलीकडे सहसा जात नाहीत. पुरावा दप्तरात पडलेला असतो.

पण शब्द टिकले तसा अर्थ टिकला नाही. डोंगर, म्हणजे संशयाची जागा, हा पक्षाचा अर्थ. वहीत आला तेव्हा तो 'दिलेले', म्हणजे संशय घ्यायचा नाही ती जागा, असा झाला. शब्द तोच, अर्थ नेमका उलटा. भाषांतरकाराला मी दोष देत नाही. युक्लिडच्या पद्धतीत काहीतरी गृहीत धरावेच लागते आणि त्या खान्याला नाव हवे होते. शिवाय त्रिकोणाच्या दोन बाजू समान आहेत यावर पोराने शंका काढून तरी काय करायचे? भूमितीपुरते सगळे ठीक. पण हाच अर्थ भूमितीच्या तासातून बाहेर पडला आणि इतिहास, नागरिकशास्त्र, विज्ञान, मराठी सगळीकडे पसरला. आपल्या शाळेत सगळेच 'दिलेले' असते.

याला जोडी आहे ती 'शिक्षा' या शब्दाची. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. मुळात शिक्षा हे वेदांग, उच्चारणाचे शास्त्र. तैत्तिरीय उपनिषदाची पहिली वल्ली त्याच नावाची आहे. शिक्ष् हा धातू भाषाशास्त्रज्ञ शक् या धातूचे इच्छार्थी रूप मानतात, म्हणजे समर्थ व्हावेसे वाटणे. समर्थ होण्याच्या इच्छेपासून छडीपर्यंतचा प्रवास मराठीने कधी केला ते कोणी अभ्यासकाने शोधावे. माझा अभ्यास तळहातावरचा आहे. सातवीत असताना, भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, असे विचारले म्हणून मला दोन्ही हातांवर मिळून सहा छड्या बसल्या. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी घातली, हे फार चांगले झाले. अपूर्णांक मात्र अजून न विचारताच उलटा करतात.

हे सगळे आता लिहावेसे वाटले त्याला कारण आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात भारतीय ज्ञानपरंपरा शालेय शिक्षणात आणण्यावर भर आहे. त्यामागोमाग मे २०२४मध्ये आपल्या राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा लोकांसमोर आला. त्यात मनाचे श्लोक आणि गीतेतील अध्याय यांच्या पाठांतराची सूचना होती आणि मूल्यशिक्षणाच्या प्रकरणात मनुस्मृतीतला एक श्लोक होता. त्यावर वाद पेटला. आपण दोन तट पाहिले : एक म्हणे परंपरेचा अपमान होतो आहे, दुसरा म्हणे शाळा चारशे वर्षे मागे नेताहेत.

मला दोघांशीही भांडायचे आहे. पाठांतराला माझा विरोध नाही. पावकी-निमकी पाठ असलेला शेवटचा हिशेबनीस बहुधा मीच असेन आणि अडतीत त्याचा उपयोग कॅल्क्युलेटरपेक्षा जास्त झाला. मनाचे श्लोक मला लहानपणापासून येतात. त्यांनी माझे वाईट केले नाही. माझी तक्रार निवडीबद्दल आहे. सोळा पदार्थांत संशयाला तिसरे स्थान देणारी परंपरा घरात असताना आराखडा करणाऱ्यांच्या हाताला लागले ते फक्त पाठांतर. आणि तैत्तिरीयातलाच तो प्रसंग घ्या. विद्या पुरी करून निघालेल्या शिष्याला आचार्य निरोपाचे चार शब्द सांगतात. विद्यापीठांचे दीक्षान्त समारंभ त्यावरूनच नटलेले असतात. आमच्या अमरावती विद्यापीठाच्या पदव्याही दीक्षान्त समारंभातच मिळतात. त्या उपदेशातले खरे बोल, धर्माने वाग, हे भिंतीवर रंगवले जाते. त्याच उपदेशात आचार्य असेही सांगतात की आमचे जे वागणे चांगले असेल तेवढेच उचल, बाकीचे नको. हे मात्र मला आजवर एकाही शाळेच्या भिंतीवर दिसलेले नाही. गुरूने स्वतःला पक्ष करून शिष्यापुढे ठेवले, असा हा प्रसंग आहे.

दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की हे सारे मूठभरांचे होते. यावर मला सफाई देता येत नाही. न्यायाची चर्चा ज्या ओसऱ्यांवर चाले तिथे माझ्या आजोबांना बसू दिले नसते आणि आजीला तर त्या ओसरीसमोरून डोक्यावरचा पदर सावरून जावे लागले असते. संशयाला तिसरे स्थान होते, पण संशय घेण्याचा अधिकार कोणाला, हे आधीच ठरलेले होते. तोही एक 'दिलेला' पक्षच. म्हणून पुढे जे घडले ते मला पाणिनी-गौतमाइतकेच महत्त्वाचे वाटते, आणि ते आमच्या जिल्ह्यात घडले.

ताराबाई शिंदे बुलडाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक विचारांचे होते. मुलीला त्यांनी घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. १८८१मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली. त्यावरून 'पुणे वैभव' पत्रात स्त्रियांच्या नीतीवर आग पाखडणारे लेखन आले. त्याला उत्तर म्हणून १८८२मध्ये ताराबाईंचे 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापून निघाले. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे.

या पुस्तकाचे कौतुक त्यातल्या संतापासाठी होते, ते योग्यच आहे. भाषाही अशी की वाचताना ओटीवरचे भांडण कानाने ऐकू यावे. मला थांबावेसे वाटते ते त्याच्या मांडणीपाशी. संस्कृतात स्त्रीला संशयांचा भोवरा, साहसांचे नगर, कपटाचे घर वगैरे म्हणणारा एक प्रसिद्ध श्लोक आहे. ताराबाई तो श्लोक पुढ्यात घेतात, त्यातले एकेक दूषण उचलतात आणि प्रत्येकाशी पुरुषाची तुलना करतात. कपट स्त्रीत आहे? असेल. मग पुरुषात काय कमी आहे? साहस? दुर्गुणांची खाण? प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न.

ही पद्धत मी 'तर्कसंग्रहा'तला हेत्वाभासांचा भाग वाचून झाल्यावर पुन्हा पाहिली आणि वहीत लिहून ठेवले : सव्यभिचार. हेतू जर साध्य असलेल्या जागी तसाच साध्य नसलेल्या जागीही सापडत असेल तर तो बाद. त्या दोषाला नैयायिक व्यभिचार म्हणतात. स्त्री हीन, कारण ती कपटी, हे अनुमान. पण कपट पुरुषातही आहे आणि त्याला तुम्ही हीन म्हणत नाही. हेतू भटका निघाला, अनुमान पडले. ज्या शब्दाने त्या काळी विधवांना घराबाहेर काढले जाई, तो शब्द तर्कशास्त्रात युक्तिवादाच्या दोषाचे नाव आहे. ताराबाईंनी तो दोष आरोप करणाऱ्यांच्या युक्तिवादात दाखवला.

त्यांनी न्यायसूत्रे वाचली होती असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही, आणि त्याची गरजही नाही. श्लोक हातात पडला तेव्हा त्यांनी तो पाठ केला नाही, 'दिलेले' म्हणून खरा धरला नाही. तो डोंगर केला आणि धूर आहे का ते पाहायला गेल्या. शाळेत कधी न गेलेली बाई हे करते आणि आपण शाळेत दहा वर्षे घालवून करत नाही. परंपरा कोणी चालवली, याचे उत्तर मला इथे सापडते. ज्यांना ओसरीवर मज्जाव होता त्यांच्यापैकी एकीने ओसरीवरचे हत्यार उचलून ओसरीवरच्यांना हिशेब मागितला. जोतीराव फुल्यांनी १८८५मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात तिची बाजू घेतली. त्याच जोतीरावांनी १८८२मध्ये, 'तुलना' निघाली त्याच वर्षी, हंटर आयोगापुढे निवेदन देऊन वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा हिशेब मागितला होता आणि बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती. या दोन लेखनांना शेजारी ठेवून वाचणारा धडा कोणी शिक्षणशास्त्राच्या पदविकेत घालावा, अशी माझी जुनी इच्छा आहे.

पुढे पुस्तक विसरले गेले. १९७५मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले, म्हणून माझ्यासारख्याच्या हाती लागले. ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक लिहिले नाही.

दिवाळीच्या सुटीत पुतणीला मी ते वाचायला दिले. श्लोकाची पाने दुमडून ठेवली होती, समासात पेन्सिलने पक्ष, साध्य, हेतू असेही लिहिले होते. तिने पुस्तक उलटेपालटे करून पाहिले, नऊ आणे म्हणजे किती पैसे ते विचारले. छप्पन्न, मी सांगितले. निमकीचा उपयोग झाला. मग तिने विचारले, "काका, हे परीक्षेला आहे का?"